राक्षसाला लाडू गोड लागेल का?



यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात आपल्या मंडळाच्या तरुण मुलांनी एक टेबल मागितलं आहे. त्यांना तिथे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ मांडायचा आहे, आणि बहुतेकांनी माणसाऐवजी जनावराचं किंवा राक्षसाचं पात्र घ्यायचं ठरवलं आहे. त्यावर दोन मतं ऐकू येतात, ती तुमच्याही कानावर आली असतील. पहिलं असं, की ऐन दिवाळीत पोरांनी राक्षस व्हायचं हे काय खूळ? दुसरं असं, की खेळच तो, खेळू द्या की, त्यात काय एवढं! मला दोन्ही पटत नाहीत. टेबल द्यावं असं मलाही वाटतं, पण ते ‘त्यात काय एवढं’ म्हणून द्यावं असं वाटत नाही. त्यात बरंच काही आहे, आणि मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं असल्यामुळे त्यातलं थोडं मला सांगता येईल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार असतो. तो गोष्ट सांगत जातो: ‘तुम्ही जंगलात आहात, समोर पडका किल्ला आहे, आतून धूर येतोय.’ बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, काय करायचं ते ठरवतात, आणि जमेल की नाही अशी शंका असली की वीस बाजूंचा फासा टाकतात. प्रत्येकाजवळ एक कागद असतो. त्यावर त्याच्या पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे आकड्यांत लिहिलेली असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली लेक जिनिव्हातून प्रसिद्ध झाला. शिकागोहून गाडीने दीड-दोन तासांवरचं, आपण उन्हाळ्यात तळ्यावर फिरायला जातो, तेच हे गाव.

खेळाडूने माणूस सोडून दुसरं काही व्हावं का, हा प्रश्न या खेळाला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. १९७४ च्या मूळ पुस्तिकेत उत्तर दिलखुलास होतं: काहीही व्हा, अगदी ड्रॅगनसुद्धा, फक्त लहान पिल्लापासून सुरुवात करा आणि बाकीच्यांसारखे हळूहळू मोठे व्हा. पाचच वर्षांनी, १९७९ मध्ये, सूत्रधारांसाठी काढलेल्या जाड पुस्तकात गायगॅक्स यांनी सूर बदलला. ज्यांना राक्षस व्हायचं असतं त्यांना बहुधा नुसती ताकद हवी असते, आणि हे जग माणसांभोवती रचलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे नियम करणाऱ्यांनी ताकदीचा प्रश्न हिशेबाने सोडवला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत, आणि २००३ च्या ‘सॅव्हेज स्पीशीज’ या राक्षसांनाच वाहिलेल्या पुस्तकात, बलवान प्राण्याला आधीच काही पायऱ्या वर धरलं जाई, म्हणजे दुबळ्या सोबत्यांशी त्याचा मेळ बसे.

हिशेब जमला, पण गायगॅक्स यांची शंका निम्मी खरी राहिलीच. आठ फूट उंची, नखं, शेपूट, तोंडातून जाळ. आणि खाणावळीत शिरल्यावर बोलणं मात्र उपनगरातल्या हायस्कुलातल्या मुलाचं. वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. ते गाढव आवाजाने उघडं पडलं. इथे गाढवाच्या जागी माणूस आहे, एवढाच फरक.

तरुण मित्रांनो, हा भाग तुमच्यासाठी. पात्र करताना आकड्यांपासून सुरुवात करू नका. शरीरापासून करा.

या खेळाचा जन्म झाला त्याच १९७४ साली थॉमस नेगल या तत्त्वज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वटवाघूळ असणं म्हणजे काय, हा त्याचा विषय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मी वटवाघळासारखा उलटा लटकेन, किडे खाईन, पण त्याने ‘मी वटवाघूळ झालो तर मला कसं वाटेल’ एवढंच कळेल. वटवाघळाला स्वतःला कसं वाटतं ते निराळंच. त्याच्या कितीतरी आधी, १९३४ मध्ये, याकोब फॉन उक्सक्युल या जीवशास्त्रज्ञाने गोचिडीचं उदाहरण दिलं होतं. झुडपावर बसलेल्या गोचिडीच्या जगात ना रंग, ना पाखरांचा आवाज. सस्तन प्राण्याच्या घामाचा वास, अंगाची ऊब आणि कातडीचा स्पर्श एवढंच तिचं जग, आणि त्या जगात ती पूर्ण आहे. प्रत्येक प्राणी आपल्या इंद्रियांनी विणलेल्या स्वतंत्र जगात राहतो, हा उक्सक्युलचा विचार मी वर्गात दरवर्षी शिकवला. तो समजावून द्यायला या खेळाइतकं चांगलं साधन मला वर्गात कधी मिळालं नाही.

म्हणजे करायचं काय? लांडगा होणार असाल तर लक्षात ठेवा, कुत्र्याच्या जातीला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. हिरवळीवर पडलेलं लाल निशाण तुम्हाला रंगावरून सापडणार नाही. पण ते काल कोणाच्या हातात होतं हे वासावरून कळेल. नाग होणार असाल तर तुम्हाला पापण्या नाहीत. तुम्ही डोळा मिटू शकत नाही, झोपेतही नाही. तुमच्याशी बोलणाऱ्या गावकऱ्याला तुम्ही टक लावून बघताय असं वाटेल आणि तो दचकेल. वास तुम्ही दुभंगलेल्या जिभेने घेता, म्हणून परक्या घरात पाऊल ठेवताच तुमची जीभ बाहेर येईल, आणि यजमानाला तो अपमान वाटेल. वानर असाल तर भांडणानंतर माफीचे शब्द शोधत बसणार नाही. शेजारी बसून सोबत्याचे केस विंचरायला लागाल. गव्हाणी घुबडाचे दोन कान वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे मिट्ट काळोखातही उंदीर नेमका कुठे आहे ते त्याला कळतं. अशा पात्राला भर बाजारातल्या गलक्यात काय होत असेल, याचा विचार करा.

जनावरांचा खेळ चांगला जमवलेली उदाहरणं आहेत. १९७६ मध्ये ‘बनीज अँड बरोज’ नावाचा खेळ निघाला, त्यात सगळे खेळाडू ससे असतात. त्याची प्रेरणा रिचर्ड ॲडम्स यांची १९७२ ची ‘वॉटरशिप डाउन’ ही कादंबरी. तिच्यातले ससे चारपर्यंतच मोजतात. त्यापुढचं सगळं त्यांच्या भाषेत एकाच शब्दात, ‘पुष्कळ’. या एका मर्यादेने तो ससा आपल्याला खरा वाटतो. ताकद वाढवून पात्र खरं होत नाही. त्याला काय जमत नाही ते ठरवलं की होतं.

आता लाडवाकडे येतो. या खेळात ‘राक्षस’ नावाचा जीव आहे, आणि तो थेट आपल्याकडून घेतलेला आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात त्याचं चित्र आहे: डोकं वाघाचं, अंगात साहेबी झगा, तोंडात पाइप. मंत्रवलेल्या बाणाने तो झटक्यात मरतो, असं खाली लिहिलेलं. रावण, हिडिंबा आणि बकासुर ऐकत वाढलेल्या माणसाला ते चित्र पाहून हसू येतं. पण मार्जारकुळाबद्दल एक गोष्ट शास्त्राने दाखवून दिलेली आहे. मांजर, वाघ, चित्ता यांच्यात गोड चव ओळखणारा जनुक निकामी झालेला आहे. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. तेव्हा वाघाच्या जिभेच्या या राक्षसाला दिवाळीचा लाडू गोड लागणार नाही. तुपाचा वास येईल, बेसन खमंग लागेल, आणि गोडी शून्य.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बेसमेंटमध्ये पाच मुलं खेळत होती. मी हे सांगितलं तेव्हा राक्षसीचं पात्र घेतलेली मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने कागदावर लिहिलं, की आपली राक्षसी प्रत्येक मेजवानीला जाते, लोक गोड खाताना त्यांचे चेहरे निरखते आणि बरोबर त्याच क्षणी ‘वा!’ म्हणते. कोणाला पत्ता लागू देत नाही. शेजारचा मुलगा हसून म्हणाला, “आजोबा, इंडियात गेल्यावर मी हेच करतो. सगळे जोकला हसले की मीपण हसतो.” टेबलावर हशा पिकला. त्या मुलाचं मराठी कच्चं आहे हे आम्हा सर्वांना माहीत होतं. तो दर सुट्टीत आजोळी काय करत असेल, हे मात्र त्याच्या आईवडिलांनाही तोवर माहीत नव्हतं.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे वळतो. ‘राक्षस म्हणजे वाईट’ ही ओळ या खेळातही अनेक वर्षं छापलेली होती. त्या जुन्या पुस्तकात प्रत्येक प्राण्याच्या नावासमोर त्याची वृत्ती एका शब्दात दिलेली असे. गंमत अशी, की साध्या जनावरांना ‘तटस्थ’ म्हणून सोडून दिलेलं होतं. ऑर्क, गॉब्लिन, राक्षस यांच्या मात्र अख्ख्या जमातीवर ‘दुष्ट’ असा शिक्का. इतकंच काय, २०१६ सालच्या एका पुस्तकात खेळाडूला ऑर्क होता येत होतं, पण तसं झाल्याबरोबर बुद्धीतून दोन गुण वजा. जन्माने वृत्ती ठरते, जन्माने बुद्धी ठरते, हे आपण कुठे कुठे ऐकलेलं आहे ते मी सांगायला नको. ज्या देशातून आपण आलो तिथेही ऐकलं, आणि ज्या देशात आलो तिथेही. प्राणिशास्त्रात दुष्ट नावाची जात नाही. वाघ भुकेला असतो, साप घाबरलेला असतो.

खेळ चालवणाऱ्यांना हे उशिरा का होईना उमगलं. २०२० मध्ये पहिला बदल झाला: जन्माने मिळणारे गुण हवे तसे फिरवून घेण्याची मुभा मिळाली. २०२४ च्या नव्या मुख्य पुस्तकात ‘रेस’ हा शब्दच गेला, ‘स्पीशीज’ आला. ऑर्क मुख्य दहा प्रकारांत येऊन बसला. आणि ताकद, बुद्धी यांत पडणारी भर आता तुम्ही कुठे वाढलात, कोणता उद्योग शिकलात यावरून ठरते. या बदलाचं मी मनापासून स्वागत करतो.

पण इथे माझा एक मतभेद आहे. वृत्ती जन्मापासून सोडवताना शरीरही थोडं पुसलं गेलं. नव्या नियमात तीन फुटांचा हाफलिंग आणि सात फुटांहून उंच गोलायथ सुरुवातीला सारख्याच ताकदीचे असू शकतात. बुद्धीचं तसं असावं, असायलाच हवं. ताकदीचं पाहून प्राणिशास्त्रज्ञाला हसू फुटतं. आणि पुष्कळ टेबलांवर मी पाहतो, की ऑर्क म्हणजे सुळे असलेला, हिरवट कातडीचा माणूस, बाकी सगळं जसंच्या तसं. त्याला आपल्यात घेतलं, पण आपल्यासारखा करून घेतलं.

आपल्याला ही जागा चांगली ओळखीची आहे. ‘तुम्ही अगदी आमच्यासारखेच आहात हो,’ असं इथला शेजारी कौतुकाने म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात काळंबेरं नसतं. तरी घरी आल्यावर वाटतं, की त्याने आपल्यातलं काय काय बघितलंच नाही? बरोबरीचं मानायला एकसारखं करावं लागत नाही. खेळातही नाही, गावातही नाही.

दुसरा एक सापळा आहे, तो जास्त फसवा. त्याचं नाव ‘वाईट कुळातला एकटा चांगला’. १९८८ साली आर. ए. साल्वातोरे यांच्या ‘द क्रिस्टल शार्ड’ या कादंबरीत ड्रिझ्ट हा नायक आला. जमिनीखाली राहणाऱ्या क्रूर समजल्या जाणाऱ्या ड्राउ लोकांपैकी तो, आणि त्यांना सोडून आलेला. तो अतोनात गाजला, आणि तेव्हापासून राक्षसाचं पात्र घेणारी निम्मी मुलं हीच गोष्ट सांगतात: माझे लोक वाईट होते, मी निघून आलो, मी चांगला.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. बिभीषणाला आपण भक्त म्हणतो, पण मुलाचं नाव बिभीषण ठेवत नाही. घरभेद्याला मात्र ते नाव हटकून देतो. घटोत्कचाचं तर त्याहून वाईट. अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती कर्णाने त्याच्यावर सोडली आणि तो मेला. पांडव रडत होते तेव्हा श्रीकृष्णाला आनंद झाला, असं व्यास सांगतात. कर्णाने मारलं नसतं तर पुढे मलाच याला मारावं लागलं असतं, असंही कृष्ण म्हणतो. आपल्या बाजूने लढला, आपल्यासाठी मेला, तरी तो शेवटपर्यंत राक्षसच. महाभारताने हे लपवलं नाही, ही त्याची थोरवी. उपयोगी पडणं आणि आपलं होणं यांतलं अंतर इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे मला वाचायला मिळालेलं नाही. परदेशात चाळीस वर्षं ‘उपयोगी’ म्हणून राहिलेल्या माणसाला तो प्रसंग वाचताना पुस्तक मिटून ठेवावंसं वाटतं.

म्हणून मुलांना माझं सांगणं असं, की तुमच्या राक्षसाला घर द्या. हिडिंबेचा विचार करा. भीम पुढे निघून गेला, ती रानात राहिली, तिने मुलगा वाढवला. ती कोणती अंगाई म्हणत असेल? तिच्या शेजारणी कोण? मनालीला १५५३ सालचं हिडिंबेचं देऊळ आहे. तिथल्या लोकांची ती देवी आहे. म्हणजे तिच्या बाजूने गोष्ट सांगणारी माणसंही या जगात आहेत. आपलं पात्र आपल्या लोकांना सोडून आलं असेल तर येऊ दे, आपणही आलोच की. पण तिकडे त्याचं कोणी आहे, तो कोणाला तरी निरोप धाडतो, एखाद्या सणाला त्याच्या घशात आवंढा येतो, एवढं तरी कागदावर लिहा.

आणि दिवाळीत राक्षस नको म्हणणाऱ्यांनी आपलीच दिवाळी नीट आठवावी. नरकचतुर्दशीला आपण पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडून नरकासुराला मारतो. दोन-तीन दिवसांनी, पाडव्याला, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो. तो बळीही असुरच, आणि त्याचं राज्य परत यावं असं आपण ओवाळताना मागतो. एकाच सणात एक असुर पायाखाली आणि एक असुर पाटावर. वृत्ती जातीवर ठरत नाही हे आपल्या आज्यांना नियमांचं पुस्तक न वाचता कळलेलं होतं.

शिवाय राक्षसाचं सोंग घेणं आपल्याला नवीन थोडंच आहे? कोकणातल्या दशावतारात वेद पळवणारा संकासुर मालवणीत बोलतो आणि सर्वांत जास्त हशा वसूल करतो. पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून गाव नाचतं. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि त्यातून परमार्थ शिकवला जातो. सोंग घ्यावं आणि ते वठवावं, ही आपली जुनी रीत. ‘वठवणे’ या शब्दातच सगळं आलं.

तेव्हा टेबल द्या, आणि त्याभोवती दोन खुर्च्या जास्त मांडा, ज्येष्ठांसाठी. तुम्ही फासे टाकायची गरज नाही. मुलं वानर, नाग, राक्षस यांची पात्रं तयार करत असतील तेव्हा शेजारी बसा आणि विचारा: याला काय खायला आवडतं? याची आई याला कोणत्या नावाने हाक मारते? रागावला की कोणत्या भाषेत बोलतो? जांबुवंताची, जटायूची, बकासुराची जी गोष्ट तुम्हाला येते ती सांगा. ती त्यांच्या पुस्तकांत नाही. मुलांनो, तुम्हीही विचारा. तुमच्या आजोबांना ड्रॅगन ठाऊक नसेल, पण अंधारात वाघाची चाहूल कशी लागते ते कदाचित ठाऊक असेल. आमच्या पिढीतल्या काहींनी ती ऐकलेली आहे.

फराळाचं ताट टेबलावर असेलच. तुमच्यापैकी कोणी वाघाच्या तोंडाचा राक्षस झाला असेल, तर त्याने लाडू उचलण्याआधी क्षणभर थांबावं आणि आपल्या जिभेला आता काय लागेल ते सर्वांना सांगावं. ऐकायला मी येणार आहे.

दीपावलीच्या शुभेच्छा.